बोटभर फट

कोर्पिकुल्मा, २९ एप्रिल १९७३

आउलिस,

दचकू नकोस, कुणी मेलेलं नाही. नऊ वर्षांनी बहिणीचं पत्र आलं की माणसाच्या मनात आधी तेच येतं, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकलं.

कारण क्षुल्लक आहे. माझ्या मारित्ताचं लग्न ठरलंय, सोळा जूनला. मुलगा पलीकडच्या गावचा, रेइयो नाव. ट्रॅक्टर दुरुस्त करतो, बोलत नाही. चांगला आहे. त्याची आई हिल्या मात्र बोलते. तिच्या हातची साहती तीन गावांत नावाजलेली आहे, आणि हे दुसऱ्या कुणाला सांगायचे कष्ट पडू नयेत म्हणून ती स्वतःच सांगते. परवा माझ्याच स्वयंपाकघरात माझीच कॉफी पीत म्हणाली, "लेम्पीबाई, तुम्ही कशाला दगदग करता? लग्नाची साहती आमच्याकडून येईल. तुमच्याकडे आता कुणाला जमते म्हणा!"

लग्न मुलीच्या दारात आणि बिअर विहीणबाईंची! आपल्या घरात बारसं असो, लग्न असो, मयत असो, बाहेरची साहती कधी उंबरा ओलांडून आली नाही. मी म्हटलं, "जमते की." एवढं बोलून बसले, आता करून दाखवणं आलं.

माल्ट आहे. यीस्ट आहे. बाबांनी ओंडका पोखरून केलेली लाकडी डोण अजून सॉनात आहे, भोकाचं बूचही आहे. फक्त डोणीचा खोटा तळ नाही. ती पट्ट्यांची जाळी मधल्या काळात कुठेतरी हरवली. जाळीशिवाय माल्टची लापशी ओतली तर सगळा चोथा भोकात जाऊन बसतो आणि रस वरच राहतो, एवढं मलाही कळतं. पण पट्ट्या किती, कशा, किती अंतरावर, हे बाबांनी फक्त तुला दाखवलं. मी तेव्हा गाईंच्या धारा काढत होते. कुणीतरी काढायलाच हव्यात.

तेवढं कळव. जुनं उकरून काढायचा माझा मुळीच विचार नाही. बाबांच्या मयताला तू बसवलेला तळ तुंबला, चाळीस माणसं कोरड्या घशाने बसली, पाद्रीबाबांना कॉफीवर भागवावं लागलं, आणि मी सगळ्यांसमोर तुला दोन शब्द बोलले. ते मी केव्हाच विसरून गेले. तूही विसर.

लेम्पी

ता. क. पत्ता शेजारच्या नेस्तोरीकडून मिळाला. तू त्याला दर नाताळला कार्ड पाठवतोस हे मला माहीत नव्हतं. तोही नऊ वर्षं बोलला नाही.

—

कोर्पिकुल्मा, १० मे

आउलिस,

कार्ड पोचलं. पुढे तुमच्या स्वीडनमधल्या कुठल्याशा कारंज्याचं चित्र, मागे चार शब्द: "सात. आडव्या. बोटभर फट."

नऊ वर्षांनी चार शब्द. आपण हामेची माणसं कमी बोलतो हे सगळ्या फिनलंडला ठाऊक आहे, पण टपालखातं शब्दागणिक तिकीट लावत नाही रे बाबा.

असो. सात पट्ट्या तासल्या. आडव्या बसवल्या. प्रत्येक फटीत माझं बोट घालून पाहिलं. वर राय धान्याचा पेंढा, त्यावर जुनिपरच्या डहाळ्या, सगळं आई करायची तसं. सकाळी सहापासून गरम पाणी थोडं थोडं घालत माल्ट मुरवलं, दुपारी लापशी डोणीत ओतली आणि बूच काढलं. आधी "गडप" असा आवाज आला. मग तीन दाणे बाहेर आले. मग काही नाही.

भोकात काडी घालून पाहिली. काडी अडकली. मग खाली वाकून तोंड लावलं आणि जोरात फुंकलं. जे आत गेलं नाही ते माझ्या तोंडावर आलं. नेस्तोरी सॉनाच्या दारात उभा होता, किती वेळ देव जाणे. म्हणाला, "लेम्पी, रस खाली यायला हवा."

"मला कळतं!"

"वर नाही," तो म्हणाला आणि घरी गेला.

सगळं गाईंना घातलं. गाईंचं माझ्या साहतीबद्दल फार चांगलं मत झालं.

फटी रुंद पडल्या, हे आता मला समजलंय. बोटभर म्हणजे कुणाचं बोट, हे लिहायला अजून दोन शब्द लागले असते. चाळीस वर्षं धारा काढून माझी बोटं गाजरं झालीत. माझ्या बोटाएवढ्या फटीतून मांजरसुद्धा जाईल. बोट कुणाचं ते कळव.

लेम्पी

—

कोर्पिकुल्मा, २१ मे

आउलिस,

"आईचं." पुरतं कार्ड, त्यावर एक शब्द. तू सुधारायचा नाहीस.

आई जाऊन सव्वीस वर्षं झाली, आता तिचं बोट कुठून आणू? दोन दिवस तुझ्या नावाने खडे फोडले. तिसऱ्या दिवशी मारित्ता आईची अंगठी बोटात घालून फिरवत होती. लग्नात ती घालणार आहे. माझ्या करंगळीत जात नाही ती, तिला अशी बसली की सोनाराला बोलवायला नको. मी तिला तशीच हाताला धरून सॉनात नेली आणि म्हटलं, "घाल बोट."

"कुठे?"

"पट्ट्यांमध्ये. हं. आता पुढच्या फटीत."

सहा फटी, सहा वेळा. शेवटी म्हणाली, "आई, लग्न माझं आहे की या डोणीचं?"

मी म्हटलं, "सध्या डोणीचं."

पेंढ्याचंही निघालं. नेस्तोरीने माझा पेंढा हातात घेतला, चुरगळला, म्हणाला, "हा हार्वेस्टरने चावलेला. याचा भुगा होणार." तो अजून शेताचा एक कोपरा विळ्याने कापतो, कारण त्याच्या बायकोला नाताळात छताला टांगायच्या नक्षीसाठी लांब, अखंड काड्या लागतात. त्यातली एक पेंढी त्याने मला दिली. बायको आता आम्हा दोघांशी बोलत नाही.

तर काल पुन्हा बसवलं. सात पट्ट्या, आईच्या बोटाएवढी फट, अखंड पेंढा, जुनिपर. डोणीला भोकाच्या बाजूने किंचित उतार. आणि आउलिस, धार आली! आधी गढूळ, ती मी परत वर ओतली, मग स्वच्छ, तांबूस, सुतासारखी बारीक. मी एकटीच टाळ्या पिटत होते.

मग थांबली. का थांबली ते काही समजलं नाही. माल्ट बारीक दळलं गेलं असेल. हवा दमट होती. नेस्तोरी दारात उभा राहून तळाकडे टक लावून बघतो, त्याचाही परिणाम होत असणार.

आणि नेमकी तेव्हा हिल्या आली, लग्नाच्या पंगतीचं बोलायला. बादलीत डोकावली, बोट बुडवून चाटलं. "गोड आहे हो," म्हणाली. "थोडी आहे, पण गोड आहे." जाताना दारातून, "मी आपलं साठ लिटरचं पीप धुवून ठेवते. नाही लागलं तर नाही लागलं!"

तिच्या त्या "नाही लागलं तर"ने माझ्या अंगाची लाही लाही झाली. माल्ट आता एकाच खेपेपुरतं उरलंय. तेही गेलं तर हिल्याचं पीप माझ्या अंगणात येणार, मारित्ताच्या लग्नात तिचं नाव घेऊन प्याले उचलले जाणार, आणि मी हसत उभी राहणार. काय चुकलं ते सांग. तुला माहीत असणार.

लेम्पी

—

कोर्पिकुल्मा, २७ मे

आउलिस,

"बूच कोणी ओढलं?"

हे काय विचारणं झालं? तेही उघड्या कार्डावर. पोस्टमनने वाचलंय, कारण देताना तो माझ्याऐवजी कोंबड्यांकडे बघत होता.

बूच ओढतात. बूच ओढण्यासाठीच असतं. आणि तू विचारतोस ते आताचं की तेव्हाचं, हेही लिहिलं नाहीस. आताचं असेल तर मीच होते, दुसरं कोण असणार? आणि तेव्हाचं असेल तर तो विषय मी विसरले आहे, असं पहिल्याच पत्रात कळवलं होतं. पत्रं नीट वाचत जा.

लेम्पी

—

कोर्पिकुल्मा, २८ मे

आउलिस,

कालचं पत्र परत घ्यायला आज सायकलवरून पोस्टात गेले होते. पोस्टातल्या बाई म्हणाल्या, पेटीत पडलं की ते सरकारचं. म्हणून हे दुसरं. कालच्याच्या आधी वाच.

आताचं सांगते. धार छान चालली होती, पण सुताएवढी. पाऊण तास झाला तरी बादलीचा तळ झाकला नव्हता. धारांची वेळ झालेली, गाई हंबरत होत्या. मी म्हटलं, बूच थोडं सैल करू. थोडं सैल केलं. मग आणखी थोडं. मग अख्खं ओढून काढलं. भस्सकन बादलीभर रस आला आणि मी मनात म्हटलं, बघा, उगाच सगळे चोचले करतात. पुढच्या क्षणाला वरचा सगळा चोथा खाली खेचला गेला आणि तळावर सिमेंटसारखा बसला. सुरी खुपसली तरी हलेना.

हे झालं आताचं. बाकी काही नाही.

बूच नेमकं किती सैल करायचं ते कळव. आणि या खेपेला शब्द मोजू नकोस, मी हात जोडते.

लेम्पी

—

कोर्पिकुल्मा, ७ जून, सॉनातून, सकाळी साडेदहा

आउलिस,

तुझं पत्र आलं. पत्र! पाकिटातलं! आत दोन वाक्यं: "रस थेंब थेंब आला की बूच तिथेच सोड. मग दोन्ही हात मांडीखाली घेऊन बस."

तू माझ्यासमोर असतास तर ते बूच फेकून मारलं असतं. पण शेवटचं माल्ट आहे. लापशी डोणीत ओतून झाली, गढूळ रस परत वर गेला, आता थेंब पडताहेत आणि मी बसले आहे. दोन्ही हात मांडीखाली घेतले तर लिहिता येत नाही, म्हणून एकच घेतलाय. डावा. बूच ओढणारा तोच आहे.

अकरा. थेंबांची धार झाली. सुताएवढी. मारित्ता धारा काढून गेली, मी तिला आत येऊ दिलं नाही. नेस्तोरीला बाहेरच्या बाकावर बसायची परवानगी दिली आहे, पण तोंड झाडांकडे करून.

पावणेबारा. पहिली बादली अर्धी झाली. हात शिवशिवतोय. चाळीस वर्षं मी ओढूनच धार काढत आले रे. ओढलं की येतं, आणखी ओढलं की आणखी येतं, एवढंच मला येतं. गाईचं तसंच असतं. नुसतं बसून धार बघायची, हे मला कुणी शिकवलंच नाही. तुला बाबांनी शिकवलं. बाबा आणि तू या इथे तासन् तास गप्प बसायचात. मला वाटायचं, आळशी आहेत.

साडेबारा. लिहिते आता. इथे दुसरं करण्यासारखं काहीच नाही, तेव्हा लिहूनच टाकते.

बाबांच्या मयताच्या आधी साहती काढली त्या दिवशी तू पाद्रीबाबांना भेटायला गेलास. जाताना मला म्हणालास, "हात लावू नकोस." धार सुताएवढी होती. घरात शवपेटी होती. माणसं यायची होती, भाकरी भाजायच्या होत्या, बटाट्याचं करायचं होतं, सगळं मी करत होते आणि मला रडायलाही सवड नव्हती. मी इथे आले आणि बघितलं तर सगळ्या घरात ही एकच गोष्ट आरामात चालली होती. मला राग आला. काहीतरी दोन्ही हातांनी ओढायचंच होतं मला. ते बूच हाताशी होतं.

मग तुंबलं. मग चाळीस माणसं. मग पाद्रीबाबांनी प्याला पुढे केला आणि मी ऐकलं तर मीच बोलत होते. आउलिसला साधा तळ बसवता येत नाही. बाबांनी शिकवलं ते मातीत गेलं. तू टोपी हातात घेऊन उभा होतास.

आणि जाळी हरवली नव्हती. जाळी जाळली. त्याच आठवड्यात, याच सॉनाच्या चुलीत. चांगली होती, पट्ट्या सरळ, फटी सारख्या. तिच्याकडे बघवेना.

दोन वाजले. दुसरी बादली भरली. तिसरी लावली. धार अजून चालू आहे, आउलिस. मी हात लावलेला नाही.

लेम्पी

—

कोर्पिकुल्मा, १८ जून

आउलिस,

लग्न झालं. तुझं उत्तर आलं नाही. मी तसं मागितलंही नव्हतं, त्यामुळे तक्रार नाही.

साहती झाली. काळपट तांबूस, दाट, जुनिपरचा वास, केळ्यासारखी गोडसर झाक, आई करायची तशी अगदी. हिल्याने पहिला घोट घेतला आणि गप्प झाली. चार माणसांनी ते पाहिलं, मी त्यांची नावं लिहून ठेवली आहेत. मग म्हणाली, "माझ्यापेक्षा बरी नाही. पण वाईटही नाही." रेइयो म्हणाला, "आई, बरी आहे." त्याचं लग्नाच्या दिवसभरातलं हे एकच वाक्य, "होय" सोडलं तर. जावई मला पसंत आहे.

मग दोन कानांचं लाकडी भांडं माझ्याकडे आलं, मुलीच्या आईने दोन शब्द बोलायचे म्हणून. मी ठरवून ठेवलं होतं, सुखाचा संसार करा वगैरे. उभी राहिले. समोर तीच माणसं होती, मयताला होती तीच, नऊ वर्षांनी म्हातारी झालेली. आणि मी म्हटलं, "बाबांच्या मयताला आउलिसचा तळ बरोबर होता. बूच मी ओढलं. मी खोटं बोलले."

आपल्याकडची शांतता तुला माहीत आहे. कुणाचा तरी चमचा बशीत पडला. मारित्ता माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, आता पोरीच्या लग्नात सगळे उठून जातात.

नेस्तोरी म्हणाला, "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"हेच."

मी बाकीच्यांकडे पाहिलं. सगळे बटाट्यात डोकं घालून बसले होते. हिल्या म्हणाली, "आमच्या गावातही माहीत आहे हो."

"कधीपासून?"

"तू जाळी जाळलीस तेव्हापासून," नेस्तोरी म्हणाला. "धूर निघाला सॉनातून, शनिवारची अंघोळ नसताना. जाळी खराब असती तर लेम्पी, ती तू बगलेत मारून घरोघर दाखवत फिरली असतीस."

मला इतका संताप आला की भांडं खाली ठेवायचं भान राहिलं नाही. "मग नऊ वर्षं तोंडं शिवली होती का तुमची? त्या दिवशी तो उभा होता, तेव्हा एकाने तरी बोलायचं!"

"बोललो असतो," नेस्तोरी म्हणाला. "तू थांबली असतीस तर."

त्यावर पाद्रीबाबा हसले. आधी पाद्रीबाबा, मग सगळे. मारित्ता डोळे पुसत हसत होती. मीही हसले, काय करणार, साहती चांगली होती. पुढे नाच झाला, आणि नेस्तोरीच्या बायकोने माझ्याशी बोलायला सुरुवात केली, ती अजून बोलतेय.

पण संध्याकाळी भांडी घासताना नेस्तोरी मागच्या दाराने आला. एक ताट पुसून ठेवलं. मग म्हणाला, "तो गेला त्या दिवशी मी गवत कापत होतो. तुझ्या दारासमोरच्या बसथांब्यावर तो सकाळी दहाला बसला. दहाची गाडी आली. त्याने हात केला नाही. दोनची आली. तीही सोडली. साडेपाचच्या गाडीने गेला."

आउलिस, मी तुला पाहिलं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो थांबा दिसतो. मी दूध गाळत होते. पहिली गाडी गेली तेव्हा मी म्हटलं, चुकली याची, नेहमीसारखी. दुसरी गेली तेव्हा मी हसले. मी हसले रे. म्हटलं, याला एक बस धड पकडता येत नाही आणि निघालाय स्वीडनला. तू माझी वाट बघत होतास, हे माझ्या डोक्यात आलं नाही. नऊ वर्षं आलं नाही. अंगण ओलांडायचं होतं फक्त.

सगळ्या गावासमोर बोलले ते सोपं होतं. तुला सांगायचं राहिलंय ते अवघड आहे. माझं चुकलं. तुझा तळ चांगला होता, तू चांगला होतास, आणि मी तुला घालवला. तुझ्याशिवाय या घरात गप्प बसणारं कुणी नाही, आणि मी एकटी बडबडून कंटाळले. ये.

साहतीचं एक पीप तळघरात थंड ठेवलंय. फार तर दोन आठवडे टिकेल, मग आंबेल. आंबली तरी ये.

गाड्यांच्या वेळा बदललेल्या नाहीत. शुक्रवारपासून मी थांब्यावर बसणार आहे. दहाच्या गाडीने आला नाहीस तर दोनची बघेन, दोनच्या नाही तर साडेपाचची. धारा मारित्ता काढेल म्हणाली आहे. नेस्तोरीने बसायला स्टूल आणून ठेवलंय. मी त्याला सांगितलं, एक नको, दोन ठेव. तू उतरलास की लगेच घरात नको जाऊया. थोडा वेळ तिथेच बसू. मी बोलणार नाही.

तुझी बहीण,
लेम्पी